सुभेदारकाका, पणजोबांच्या पदकाबद्दल

आदरणीय सुभेदारकाका,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे, च्या घे" म्हणून विषय मोडता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

आपल्या कोल्हापुरात घरात पदक आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठल्या पलटणीत होते?" आमच्याकडे त्याला उत्तर नव्हतं. पणजोबा राजापूरकडचे, मुंबईहून बोटीवर जायचे, आगवाले होते, म्हणजे बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचे, एवढंच आजोबांकडून ऐकलेलं. आजोबा घाट चढून शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर नोकरीला आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेतून ते पदक आलं. मध्यंतरी बाजारात एकाने ते सरळ तराजूत टाकलं आणि मोडीचा भाव सांगितला.

तुम्ही आधी हात पुसलेत. मग खिडकीपाशी नेऊन भिंग लावलंत. एका बाजूला राजा पाचवा जॉर्ज. दुसऱ्या बाजूला खवळलेला समुद्र, त्यातून वाट काढणारी आगबोट, बुडणारी पाणबुडी, मागे शिडाचं गलबत. खाली 'मर्कंटाइल मरीन' आणि १९१४-१९१८. पदक कडेवर फिरवत तुम्ही एकेक इंग्रजी अक्षर वाचलंत आणि पणजोबांचं नाव पुरं झालं. बाबा खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

हे पदक पलटणीचं नाही, व्यापारी बोटींवरच्या माणसांचं. धोक्याच्या समुद्रातून सफर केलेल्यांनाच मिळायचं, हे तुम्ही सांगितलंत. फितीचे रंगही: हिरवा म्हणजे बोटीचा उजवा दिवा, लाल म्हणजे डावा, मधली पांढरी रेघ म्हणजे डोलकाठीवरचा. फेब्रुवारी १९१७ पासून जर्मन पाणबुड्या व्यापारी बोटींनाही इशारा न देता बुडवत होत्या. "आम्हाला निदान खंदक होता, हातात बंदूक होती. हा माणूस तळाशी कोळसा टाकत होता. टॉर्पेडो लागला तर वर यायला जिना किती लांब!" हे तुम्ही बोललात, ज्यांनी स्वतः सीमेवर नोकरी केली. शेजारच्या पोरांसमोर बोललात हे तर फारच बरं झालं.

मुंबईत मशीद बंदरला खलाशांचं स्मारक आहे, पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांवर माणसांचं, हेही तुमच्याकडूनच कळलं. पणजोबा परत आले म्हणून आम्ही आहोत. दिवाळीनंतर बाबांना तिथे नेणार आहे.

आईला पितांबरी लावायची फार हौस होती. तुमचा दम आठवून डबा परत कपाटात गेलाय. काळपट तर काळपट. फ्रेमवाल्याला दोन्हीकडून काच सांगितलीय, म्हणजे नुसता राजा नाही, बोटही दिसेल. पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते एक राहिलंच. निदान रविवारी काकूंना घेऊन जेवायला या. पांढरा रस्सा आईच्या हातचा आहे, नाही म्हणू नका.

तुमचा,
आगवाल्याचा पणतू