चॅनल गेटची किल्ली कोणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील ज्येष्ठांच्या केअर सेंटरांवरचा पानभर लेख वाचला. बाग, भजन, फिजिओथेरपी, नातेवाइकांना मोबाइलवर दिसणारे कॅमेरे, असे सगळे तपशील आपल्या प्रतिनिधीने मनापासून टिपले आहेत, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. मात्र रात्री जिन्याच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हा प्रश्न त्यांनी कोणालाही विचारलेला दिसला नाही. पुण्याजवळच्या अशाच एका केंद्रात माझी थोरली बहीण राहते, त्यामुळे मला तरी तोच प्रश्न पहिला वाटतो.

गेल्या पावसाळ्यात एकदा भेटीची वेळ संपल्यावरही पाऊस न थांबल्याने मी ताईजवळच बसून राहिले होते. ताईला पार्किन्सन्स आहे आणि तिची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. नवाच्या सुमारास वीज गेली, लिफ्ट बंद पडली, आणि मी जिन्याने उतरायला गेले तो मजल्याचे चॅनल गेट बाहेरून कुलूपबंद. ड्युटीवरच्या मुलीकडे किल्ली मागितली तेव्हा कळले की ती ‘दादां’कडे असते आणि दादा जेवायला घरी गेले आहेत. जनरेटर होता, पण त्यात डिझेल नव्हते. त्या मुलीने बिचारीने मेणबत्ती पेटवून आणली आणि जागा मिळाली तिथे, म्हणजे शेजारच्या आजींच्या मच्छरदाणीला खेटून असलेल्या टेबलावर, ठेवून दिली. दादांचे जेवण होईपर्यंत धड उठूनही बसू न शकणाऱ्या त्या सगळ्या बायका, ती एकटी मुलगी आणि मी, अशा आम्ही तिथे अक्षरशः कोंडलेल्या होतो. त्या मुलीवर माझा राग नाही; दिवसपाळी करून तीच रात्रपाळीला थांबली होती, आणि भिंतीवरचे आग विझवण्याचे सिलिंडर कसे वापरायचे हे तिला कोणी दाखवलेलेही नव्हते.

नंतर व्यवस्थापकांना विचारले असता, ‘मॅडम, विस्मरणाचे पेशंट बाहेर निघून जातात, त्यांच्या सुरक्षिततेसाठीच कुलूप आहे,’ असे उत्तर मिळाले. पेशंट निघून जातात हे खरेच आहे, परंतु मग किल्ली मजल्यावरच्या माणसाकडे ठेवायला काय हरकत आहे, यावर त्यांनी माझ्यापुढे प्रवेशाच्या वेळचे हमीपत्र सरकवले. पडणे, भाजणे, आग ‘अथवा अन्य कोणतीही दुर्घटना’ यांस संस्था जबाबदार राहणार नाही, असे त्यात लिहिलेले असून खाली मेलबर्नला असलेल्या माझ्या भाच्याची सही आहे. अग्निसुरक्षेच्या प्रमाणपत्राची चौकशी केल्यावर तर ‘हा बंगला आहे, आम्हाला ते लागत नाही,’ असे ऐकवण्यात आले. महिन्याच्या बिलात हाच बंगला नर्सिंग चार्जेस लावतो, ते कोणत्या हिशेबाने, हे मात्र समजले नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमानुसार इमारतीतील अग्निशमन व्यवस्था चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते, एवढे मला आमच्या सोसायटीच्या कमिटीवर काम केल्यामुळे माहीत आहे.

दिल्लीत ग्रेटर कैलास भागातील एका केअर होमला १ जानेवारी २०२३ च्या पहाटे आग लागून दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. त्यानंतरही अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा बंधनकारक करू पाहणारे, डिसेंबर २०१९ मध्येच लोकसभेत मांडलेले ज्येष्ठ नागरिक कायद्याचे दुरुस्ती विधेयक तसेच पडून राहिले आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबर तेही विसर्जित झाले. मूळ २००७ च्या कायद्याचे कलम १९ बोलते ते निराधार ज्येष्ठांसाठी सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात काढायच्या, किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमांविषयी. त्याच कायद्यात वृद्धाला वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलाला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. वृद्धाला कुलपात ठेवून जेवायला जाणाऱ्या दादांचा विचार बहुधा कोणाला सुचला नसावा. याउलट महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांकरिता दारांची रुंदी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, न्हाणीघरात धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरशा, असे सगळे लिहून दिले आहे. ते योग्यच झाले. परंतु फ्लॅट विकत घेण्याइतके धडधाकट आणि सधन असलेल्यांच्या फरशीची काळजी झाली, आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी असहाय असलेल्या, खाटेला खिळलेल्या माणसाच्या दाराचे काय, हा क्रम मला उमगत नाही.

आपल्या प्रतिनिधीने पुढील वेळी अशा केंद्रात सकाळच्या चहाला न जाता रात्री दहा वाजता, कोणालाही न कळवता जावे, अशी विनंती आहे. लेखाच्या खालीच त्यातल्या एका संस्थेची अर्धे पान जाहिरात असल्यामुळे ही विनंती कितपत मानली जाईल याची शंका वाटते. जाता जाता आणखी एक. ज्येष्ठांच्या तक्रारींसाठी असलेला १४५६७ हा हेल्पलाइन क्रमांक आपण करड्या चौकटीत पांढऱ्या, मुंगीएवढ्या अक्षरांत छापला आहे. भिंग घेऊनही मला तो वाचता आला नाही. पाठ होता म्हणून ओळखला. जाहिरातीतील बुकिंगचा फोन नंबर मात्र मी चष्म्याशिवाय वाचला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे