चकलीची पाककृती शोधणाऱ्या लेकीस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

यातल्या कुठल्या पाककृतीवर विसंबायचं हे ठरवायला तू तिकडून, जर्मनीतून, पाठवलेल्या सहाही पाककृती वाचल्या. सहाही ठिकाणी नाव एकच, ‘भाजणीची खुसखुशीत चकली’. त्यातल्या दोनमध्ये मुळात भाजणीच नाही. तांदळाचं पीठ, बेसन आणि लोणी यांची ती झटपट चकली आहे. चवीला वाईट नसते, पण तो वेगळा पदार्थ. तिसरीत साहित्यात पोहे आहेत, कृतीत त्यांचा पत्ताच नाही. म्हणून फोटो कितीही छान असला तरी आधी यादी आणि कृती शेजारी ठेवून वाचायची. यादीतली प्रत्येक वस्तू कृतीत कुठे पडते यावर बोट ठेवता आलं पाहिजे. एक जरी हरवली तरी ती पाककृती कुणी करून पाहून लिहिलेली नाही असं धर.

आता वाटीचं. आपल्याकडे वाटीला ठरलेलं माप नाही. कुणाची वाटी १५० मिलीची, कुणाची २०० ची. मापाचा कप विकत घेतलास तर तो २४० किंवा २५० चा. यादीतलं सगळंच वाटीने मोजलेलं असेल तर काही बिघडत नाही. ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ हे प्रमाण लहान वाटीलाही तेच आणि मोठ्या वाटीलाही तेच. घोळ होतो तो वाटी आणि चमचा एकाच यादीत आले की. लिहिणाऱ्याची वाटी १५० ची आणि तुझी २४० ची असेल तर पीठ ६० टक्क्यांनी वाढलं, चमचा मात्र तेवढाच राहिला. म्हणजे मीठ कमी, आणि मोहन, म्हणजे पिठात घालायचं तेल, तेही कमी. शिवाय चमचा तरी कुठला? चहाचा म्हणजे ५ मिली, टेबलस्पून म्हणजे १५ मिली, आणि आपला पोह्यांचा चमचा मधेच कुठेतरी. तुझ्याकडच्या जर्मन पाककृतींत ‘टीएल’ म्हणजे ५ चा आणि ‘ईएल’ म्हणजे १५ चा, एवढं लक्षात ठेव. नुसतं ‘२ चमचे गरम तेल’ लिहिणाऱ्याच्या मोहनावर विसंबू नकोस, कारण चकलीत मोहन चुकलं की लपत नाही.

कप आणि ग्रॅम दोन्ही दिले असतील तर एक परीक्षा लगेच करता येते. २४० मिलीच्या कपात पाणी २४० ग्रॅम मावतं, साखर साधारण २०० ग्रॅम, मैदा १२० ते १३०. पाककृतीत ‘१ कप मैदा (२४० ग्रॅम)’ असं दिसलं तर लिहिणाऱ्याने मिलीचा आकडा तसाच ग्रॅमला चिकटवला आहे, पीठ वजन करून पाहिलेलंच नाही. अशी पाककृती तिथेच बंद कर. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेल्या पाककृती फार दिसतात. भाषा सफाईदार असते, पण आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. तिथे सरळ हिशेब मांडायचा. समजा पुरणपोळीला १ कप कणीक सांगितली आहे आणि ‘१५ पोळ्या होतील’ म्हटलं आहे. १२५ ग्रॅम कणकेत पाणी-तेल धरून गोळा होतो २०० ग्रॅमच्या आसपास. पंधरा पोळ्यांत वाटला की एका पोळीला १३ ग्रॅम कणीक, म्हणजे लिंबाएवढीसुद्धा नाही. त्यात ४०-५० ग्रॅम पुरण नवशिक्या हाताने कसं राहील?

भाजणीचं प्रमाण वजनात देते, म्हणजे वाटीचा प्रश्नच मिटेल. तांदूळ ५०० ग्रॅम, हरभरा डाळ २५०, उडीद डाळ १२५, मूग डाळ ६०, जाडे पोहे ६०, धणे २५, जिरे १५. तांदूळ आणि डाळी धुवून सुती कापडावर सावलीत पूर्ण वाळवायच्या. ओलसर राहिल्या तर भाजताना बाहेरून रंग येतो आणि आतून कच्च्या राहतात. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद ते मध्यम आचेवर. हरभरा डाळीला लागणारा वेळ आणि पोह्यांना लागणारा वेळ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ‘सगळं एकत्र १० मिनिटं भाजा’ लिहिलेलं दिसलं की समज, पोहे करपणार किंवा डाळ कच्ची राहणार. खूण अशी, की दाणा हलका लागतो, दाताखाली कट्कन तुटतो, खमंग वास सुटतो. लाल करायचा नाही. जास्त भाजलेल्या भाजणीची चकली तेलात घालताच काळपट होते आणि चवीला कडवट लागते.

तिथे गिरणी नाही, मिक्सरवरच दळावं लागेल. जिन्नस पूर्ण गार होऊ दे, थोडं थोडं दळ आणि बारीक चाळणीने चाळून घे. चाळणीवर राहिलेली कणी पुन्हा फिरव. कणी पिठात राहिली तर सोऱ्याच्या चांदणीत अडकते आणि चकली वळताना तुटत राहते. मग पाणी कमी पडलं असं वाटून माणूस पाणी वाढवतो आणि पुढचं सगळं बिघडतं.

पीठ विकत घेणार असशील तर पाकिटावरचं नाव नीट वाच. आशियाई दुकानात तांदळाच्या पिठाची दोन तऱ्हेची पाकिटं शेजारी शेजारी असतात. त्यातलं ‘क्लेब्राइसमेल’ म्हणजे चिकट तांदळाचं पीठ. चकलीला किंवा मोदकाला ते अजिबात चालणार नाही, गोळा च्युइंगमसारखा होतो. ‘नाट्रोन’ म्हणजे आपला खाण्याचा सोडा, ‘बाकपुल्वर’ म्हणजे बेकिंग पावडर. या दोघांच्या जोरात तिप्पट-चौपट फरक आहे, एकाच्या जागी दुसरं घालायचं नाही. ‘टाइप ४०५’चं गव्हाचं पीठ आपल्या मैद्याच्या सगळ्यात जवळचं. आणि कॉर्नफ्लोर: आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये हा पांढराशुभ्र मक्याचा स्टार्च असतो, अमेरिकन पाककृतीत याच शब्दाने मक्याचं पिवळं पीठ म्हणतात. म्हणून पाककृती कुठल्या देशातली आहे ते आधी बघत जा.

पाण्यावरून सगळ्यात जास्त वाद आहेत. कुणी भाजणीला बरोबरीने पाणी सांगतं, कुणी पाऊण वाटी. दोघांचं खरं असू शकतं. वाटी दाबून भरली की पिठाचं वजन वाढतं, आणि जाड दळलेलं पीठ पाणी हळू पितं. त्यामुळे पहिल्यांदा फक्त १५० ग्रॅम भाजणी घे. तिला १८० ग्रॅम पाणी, १५ मिली तेल, ३ ते ४ ग्रॅम मीठ, चहाचा एक चमचा तिखट, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, दोन चमचे तीळ, अर्धा चमचा ओवा. पाण्याला खळखळून उकळी आली की तेल-मीठ-मसाला घाल, भांडं खाली उतरव, भाजणी एकदम ओतून उलथन्याच्या दांड्याने ढवळ आणि २० मिनिटं झाकून ठेव. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळा धरून ठेवतो. कोमट पाण्यात भिजवलं तर हे पुरेसं होत नाही, आणि चकली वळताना चिरा पडतात.

मळताना जवळ कोमट पाणी ठेव आणि एका वेळी सोऱ्यात बसेल एवढाच गोळा मळ. घाई करू नकोस, चांगला मऊ होईपर्यंत मळ. मग एक चकली पाडून बघ. पट्टी तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळ. पट्टी सलग येते पण काटे उमटत नाहीत, तर पीठ सैल झालं. त्यात दोन चमचे कोरडी भाजणी मिसळ. जी पाककृती ‘काटे’ हा शब्दच वापरत नाही तिच्याकडे मी दुसऱ्यांदा बघणार नाही.

तळणीचंही असंच. ‘५ मिनिटं तळा’ याला काही अर्थ नाही. चकलीची जाडी, तेलाचं प्रमाण, एका वेळी घातलेल्या चकल्यांची संख्या, या सगळ्यावर वेळ ठरतो. तेल १७० ते १७५ अंश सेल्सिअस हवं. तापमापक असेल तर उत्तम. नसेल तर पिठाची गोळी टाक. ती खाली जाऊन लगेच बुडबुड्यांसकट वर आली पाहिजे. तळाशीच बसून राहिली तर तेल गार आहे, आणि टाकताक्षणी लाल झाली तर जास्त तापलं आहे. तुझ्या इलेक्ट्रिक शेगडीवर आच कमी केली तरी काच तापलेलीच राहते, म्हणून आकडा थोडा आधीच खाली आणत जा. एका वेळी चार-पाचच चकल्या, आणि प्रत्येक घाण्यानंतर तेल परत तापू दे.

तेलातले बुडबुडे म्हणजे चकलीतून निघणारी पाण्याची वाफ. ते जवळजवळ थांबले की पाणी संपलं, चकली झाली. रंग बघून काढायची नाही. फार तापलेल्या तेलात रंग दोन मिनिटांत येतो, पण आत ओल राहते, आणि सकाळी कुरकुरीत असलेली चकली संध्याकाळी मऊ पडते. चकली तेलात सुटून तिचे तुकडे पडत असतील तर मोहन जास्त झालंय. कडक, दात दुखवणारी होत असेल तर मोहन कमी. चकली नुसतीच तेल पीत असेल तर आधी आच बघ. व्हिडिओ बघताना याच जागी डोळे उघडे ठेव. चकली बाहेर काढतात त्या क्षणी तेल फसफसतंय का? तिथेच चित्र कापलं असेल तर पुढे मोडून दाखवलेली चकली त्याच घाण्यातली असेलच असं नाही.

वेळेबद्दलचा खोटेपणा चकलीपुरता नाही. कांदा ‘५ मिनिटांत सोनेरी’ हे वाक्य तू शंभर ठिकाणी वाचशील. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं, आणि ते असेपर्यंत कढईत तापमान शंभराच्या फार वर जात नाही. रंग धरायला त्याहून बरंच जास्त लागतं. चार मध्यम कांदे बारीक चिरून मध्यम आचेवर परतले तर सोनेरी व्हायला १५-२० मिनिटं लागतात, बिर्याणीसारखे तपकिरी करायला त्याहून जास्त. ज्याने पाच मिनिटं लिहिलं त्याचा रस्सा कच्च्या कांद्याच्या चवीचाच होणार. कुकरच्या शिट्ट्यांचंही तसंच. शिट्टी प्रत्येक कुकरची वेगळी, आणि तुझ्या विजेवरच्या कुकरला तर ती नाहीच. दाब पूर्ण आल्यावर मंद आचेवर किती मिनिटं हे सांगणारी पाककृती शोध. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला ८ ते १० मिनिटं पुरतात.

राजम्याबाबत मात्र तडजोड नको. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. निदान पाच तास भिजवून ते पाणी टाकून द्यायचं आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचं. ‘स्लो कुकरमध्ये भिजवलेला राजमा थेट घाला’ असं कुणी लिहिलं असेल तर तसं करू नकोस. मंद उष्णतेत ते प्रथिन नष्ट होत नाही, आणि पोटाला जबर त्रास होतो.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि तेलाचा तापमापक घेऊन ठेव. १५० ग्रॅमचा पहिला घाणा कर आणि एकूण पाणी किती लागलं ते लिहून ठेव. चकल्या कागदावर पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर, कोमट असताना झाकण लावलं तर आतली वाफच त्यांना मऊ करते. दुसऱ्या दिवशी एक मोडून बघ आणि मला पाण्याचा आकडा कळव, म्हणजे उरलेल्या भाजणीचं माप मी इथून काढून देते.

तुझी,
आई