फलकाचा खर्च फलकावरच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या बंदरावर जिथे मासळीचा लिलाव लागतो, तिथे गेल्या महिन्यात पोलीस दलाचा भलामोठा फलक उभा राहिला. नवे बोधचिन्ह, नवे घोषवाक्य, हात जोडलेले पुढारी आणि खाली अधिकाऱ्यांच्या फोटोंची रांग. मागोमाग मोठ्या पडद्याची गाडी आली, तिच्यावर दिवसभर कामगिरीची फिल्म चालली. पोरांना टोप्या आणि टी-शर्ट वाटले. तिथून हाकेच्या अंतरावर गस्तीची नौका जेटीला बांधलेली असते. ती बाहेर का जात नाही असे विचारले की कधी डिझेल नाही, कधी खलाशी नाहीत, कधी इंजिन दुरुस्तीला गेलेले.

मी मच्छीमाराची मुलगी आणि मच्छीमाराची बायको. पोलिसांबद्दल मनात आकस नाही. गणपतीत आणि शिमग्यात आम्ही घरी असतो तेव्हा ते नाक्यावर उभे असतात, दरड कोसळली की चिखलात तेच उतरतात. या माणसांना जाहिरातीची गरज आहे असे मला वाटत नाही. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद त्यांच्याकडे आहेच, आमच्या शाळेतल्या मुलांनाही ते पाठ आहे. मग नवे वाक्य कशाला, आणि ते कोणाच्या पैशाने?

किनाऱ्यावर पहारा कशासाठी हवा, हे कोकणाला कोणी शिकवायला नको. १९९३ मध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीचे आरडीएक्स उतरले ते रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर. २००८ मध्ये ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून दहा अतिरेकी समुद्रातूनच मुंबईत शिरले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला लागलेल्या बोटीत एके-४७ रायफली सापडल्या. त्यात घातपात नसल्याचे पुढे कळले, पण त्या दिवशी आमच्याकडे कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

मागच्या हंगामात माझ्या मालकांच्या होडीचे इंजिन बंद पडले. वारा सुटला होता, संध्याकाळ झाली होती आणि कोणता नंबर लावायचा हे मला ठाऊक नव्हते. मच्छीमार सोसायटीतल्या एका पोराने तटरक्षक दलाचा १५५४ सांगितला. रात्री उशिरा दुसऱ्या होडीने त्यांना ओढून आणले. नंबर मिळेपर्यंतचा तो अर्धा-पाऊण तास मी अजून विसरलेले नाही. एवढ्या मोठ्या फलकावर १५५४ नाही आणि सागरी पोलिसांचा १०९३ही नाही. ११२ आहे, पण अगदी खालच्या कोपऱ्यात, जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाही. ऑनलाइन फसवणूक झाल्यावर लावायचा १९३० हा नंबर आमच्या वाडीतल्या किती म्हाताऱ्यांना माहीत आहे? हे छापायला खर्च झाला असता तर मी एक शब्द बोलले नसते.

सरकारी जाहिरातींविषयी सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी निकाल दिला आणि त्यांत बहुतेक नेत्यांचे फोटो छापायला मनाई केली. मंत्र्यांच्या फोटोंना २०१६ मध्ये मुभा मिळाली, पण जाहिरात लोकांच्या माहितीसाठी असावी, कोणाचा उदोउदो करण्यासाठी नव्हे, हे तत्त्व कायम आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ तर सांगते की खर्चाचा तपशील कार्यालयांनी न मागता जाहीर करावा. तेव्हा माझी मागणी अशी, की पोलीस दलाच्या प्रत्येक फलकावर, गाडीवर आणि फिल्मच्या शेवटी तो खर्च किती आणि कोणत्या निधीतून झाला ते छापावे. शेजारीच त्या महिन्यात गस्ती नौका किती दिवस समुद्रात गेली आणि तिला किती डिझेल मिळाले, तेही लिहावे.

पावसाळी बंदी उठली की होड्या पुन्हा बाहेर पडतील. त्याआधी जेटीच्या भिंतीवर १०९३ आणि १५५४ हे आकडे समुद्रावरून दिसतील एवढे मोठे रंगवू द्यावेत. परवानगी तेवढी द्या, रंगाचा खर्च आम्ही बायका वर्गणी काढून करू.

एक मच्छीमार महिला,
रत्नागिरी जिल्हा