बीपीच्या पेशंटचं ११० म्हणजे नॉर्मल नाही

मा. संपादक,

समृद्धी असो की वर्धा रोड, अपघातात खूप रक्त गेलेला पेशंट आला की आधी बीपी बघतात आणि वरचं ११० दिसलं की सगळे जरा सैल होतात. पण तो माणूस एरवी १६० वर असेल तर त्याच्यासाठी ११० ही शॉकची, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडण्याची, सुरुवात असू शकते. मी नागपुरात अनेक वर्षं औषधशास्त्र शिकवलं आणि हे मला फार खुपतं.

वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की मेंदू आणि किडनीच्या रक्तवाहिन्या त्या दाबालाच सरावतात, मग निरोगी माणूस जो दाब सहज सोसतो तिथे बीपीवाल्याचा मेंदूचा पुरवठा आधीच कमी पडायला लागतो. त्यात गोळ्या. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी बीपीची गोळी) चालू असेल तर रक्त जाऊनही नाडी म्हणावी तशी वाढत नाही, आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी तर शरीर स्वतःहून दाब सावरतं ती एक वाटच अडते. आमच्या कॉलनीतल्या एका काकांचं असंच झालं, एका खाजगी दवाखान्यात तळपाय गार, कपाळावर घाम, सारखं पाणी मागतायत, आणि स्टाफ म्हणतोय बीपी छान आहे! मुलीने गोळ्यांची पट्टी दाखवली तेव्हा कुठे रक्त मागवायची धावपळ सुरू झाली.

संशोधनातही हीच गफलत दिसते. उंदराला भूल देऊन धमनीत बारीक नळी टाकतात, रक्त काढत काढत सरासरी दाब ३५-४० वर आणतात, काही वेळ तिथेच धरून ठेवतात आणि मग सलाईन, औषध देऊन बघतात, पण उंदीर बहुतेक वेळा तरुण आणि धडधाकट. आनुवंशिक बीपी असलेली उंदरांची जात ओकामोटो आणि आओकी यांनी १९६३ मध्येच क्योटोत तयार केलीय. त्या उंदराला तेच ३५-४० कितीतरी जास्त खोल पडतं, त्यामुळे शॉकचं प्रत्येक औषध त्याच्यावर वेगळं तपासलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

सेंटाक्विन या औषधाचंच बघा. हा रेणू लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत बीपी कमी करायला म्हणून शोधला गेला, नंतर तोच रक्तस्रावाच्या शॉकमध्ये कामी येतो हे प्राण्यांवर दिसलं आणि २०२० मध्ये भारतात त्याला मान्यताही मिळाली. शॉकमध्ये वापरलं जाणारं नॉरएड्रेनालिन मुख्यतः धमन्या आवळून दाबाचा आकडा वर नेतं, सेंटाक्विन शिरा आवळून हृदयाकडे परतणारं रक्त वाढवतं. मग बीपीच्या शरीरात, तेही बीटा ब्लॉकर चालू असताना, ते कसं वागतं? आपल्याकडे व्हेटर्नरी कॉलेज आहे, माफसू हे पशुविज्ञान विद्यापीठ आहे, एम्स आहे, मेडिकल आहे, सगळं एका गावात. एकत्र बसून हे काम इथेच का होऊ नये? एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ वर्षांवरच्या पुरुषांत सुमारे २४ टक्के आणि बायकांत २१ टक्के लोकांचं बीपी वाढलेलं आहे, म्हणजे हे चार-दोन पेशंटपुरतं नाही.

तोवर एवढं तरी करा. १०८ वर आणि कॅज्युअल्टीत नाव-वयाबरोबरच विचारा, बीपीची गोळी चालू आहे का, कोणती, एरवी बीपी किती असतं. आणि नख दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघा, त्याला मशीन लागत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, प्रतापनगर, नागपूर