दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र : रिलेमागच्या वाडीचा वाटा

मा. श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री

स.न.वि.वि.

पत्र मुद्दाम मराठीत लिहितो आहे. आपल्या घराण्याचं मूळ गाव कण्हेरखेड आमच्याच सातारा जिल्ह्यातलं, तेव्हा एवढा हक्क चालून जावा.

फोर-जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. टॉवर उभे राहताहेत, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न टॉवरच्या पाठीमागचा, म्हणजे टॉवरला बाकीच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या दुव्याचा आहे. कोयनेच्या खोऱ्यात काय किंवा सातपुड्यात अक्राणीकडे काय, डोंगराच्या सोंडेआड वाड्या असतात आणि तिथवर फायबर नेणं महाग पडतं. मग उरतं मायक्रोवेव्ह (दोन अँटेनांमधला थेट रेडिओ दुवा), उपग्रह, नाहीतर रिले. रिले म्हणजे मोठ्या टॉवरचा सिग्नल झेलायचा आणि सोंडेपलीकडे पुन्हा सोडायचा. फोर-जीच्या मानकांत ही सोय रिलीज १० या आवृत्तीपासून आहे. २०२० च्या रिलीज १६ ने ती फाइव्ह-जीतही आणली.

पण रिले सोबत नवं स्पेक्ट्रम आणत नाही. तोच वाहक (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) दोन्हीकडे वापरला तर प्रत्येक बिट हवेतून दोनदा जातो आणि साध्या रिलेला एका वेळी ऐकता तरी येतं किंवा बोलता तरी. दोन्ही टप्पे ४० एमबीपीएसचे धरले, तरी वाडीला फार तर २० मिळतील. तेही मोठ्या टॉवरने अर्धा वेळ दिला तर! खरी मेख शिड्युलरमध्ये, म्हणजे कोणाला किती वेळ द्यायचा हे ठरवणाऱ्या टॉवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. टॉवरखाली ३९ फोन आणि एक रिले असेल आणि शिड्युलरने रिलेलाही एकच ग्राहक धरलं, तर त्याला चाळिसावा हिस्सा मिळतो. रिलेमागे आणखी ४० फोन असतील, तर तेवढ्यातच सगळ्यांनी भागवायचं. म्हणजे अख्ख्या वाडीचं मिळून एकच रेशनकार्ड. फोनवर रेंज फुल दिसते आणि यूपीआयचं चक्र फिरत राहतं. वैतागून लोक बाजारातले बूस्टर लावतात. ते बेकायदा तर आहेतच, शिवाय त्यांच्या गोंगाटाने टॉवरला बाकीच्यांचंही नीट ऐकू येत नाही.

रिलेचा हिस्सा वाढवला की टॉवरखालच्या बाजारगावाचा वेग उतरेल, हे खरं. म्हणूनच तो ठरवणं कंपनीच्या सेटिंगवर सोडू नये. जिथे पैसा डिजिटल भारत निधीचा (दुर्गम भागातल्या दूरसंचारासाठीच्या सरकारी निधीचा), तिथे निविदेतच अट हवी : रिलेला हिस्सा त्यामागच्या चालू फोनांच्या संख्येनुसार. आणि जिथे समोरासमोर दृष्टिरेषा मिळते, तिथे रिलेऐवजी मायक्रोवेव्हचाच दुवा हवा. अशा जागांपुरतं मायक्रोवेव्हच्या स्पेक्ट्रमचं शुल्क नाममात्र ठेवायला काय हरकत आहे?

ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनी कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे जाहीर करायला लावलं, हे चांगलंच झालं. त्याच नकाशावर प्रत्येक टॉवरची मागची जोडणी कशाची आहे आणि संध्याकाळी आठ वाजता तिथे प्रत्यक्ष वेग किती मिळतो, हेही दाखवायला सांगावं, ही विनंती.

आपला,
कोयना खोऱ्यातला एक दूरसंचार अभियंता