मिस्तरीकाका, त्या सीटसाठी मनापासून आभार

नमस्कार मिस्तरीकाका,

समोर उभं राहून हे बोलता आलं नसतं. तुम्ही "राहू द्या ना डॉक्टर, काय एवढं" म्हणून दुसऱ्या गाडीकडे वळला असता. म्हणून लिहितो आहे, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितो आहे.

मी आर्वी तालुक्यात गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करत फिरतो. मोटरसायकलला बांधलेल्या कॅनमध्ये उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन आणि त्यात वळूच्या वीर्याच्या कांड्या. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी. ती वेळ हुकली की पुढचा माज साधारण 21 दिवसांनी. तेवढे दिवस ढेप-कुटार चालूच असतं, पदरात मात्र काही पडत नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात उंदरांनी माझ्या गाडीची वायर कुरतडली. फ्यूज उडायचा आणि गाडी जागीच बंद पडायची. फ्यूज बदलणं दोन मिनिटांचं काम, पण माझ्या गाडीत तो सीटखाली. त्याआधी एका ठिकाणी सीटची रबरं बदलून घेतली होती, तेव्हापासून डावा बोल्ट वाकडाच जायचा. सीट दाबायची, गुडघा टेकवायचा, टॉर्च दातात धरायचा आणि छिद्र शोधायचं. त्या संध्याकाळी पावसात अशी झटापट दीड तास चालली. गोठ्यावर पोचलो तेव्हा उशीर झाला होता. ती गाय गवळाऊ होती, आपल्या वर्ध्याची. मालक मला एका शब्दानेही बोलला नाही, आणि तेच मनाला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो ते डावा बोल्ट बदला म्हणून. तुम्ही सीट काढून पोत्यावर उलटी ठेवली आणि बोल्टला हातच लावला नाही. रबरावर अंगठा दाबत म्हणालात, "बोल्टाचा काही गुन्हा नाही डॉक्टर. हे रबर उंच आहे. सीट वर राह्यते, छिद्र कुठून जमन?" नवी रबरं जुन्यापेक्षा जाड होती. सीट पुढच्या हुकात पूर्ण बसतच नव्हती, आणि मी जोर लावून लावून आटे खराब करत होतो. वर्षभर ज्याला मी बोल्टाचा दोष समजत होतो, तो रबराचा निघाला.

मग तुम्ही रबरं तासून बरोबरीची केली. नटात तेल सोडून आटे साफ करायचा आठचा टॅप फिरवला, अर्धा फेरा पुढे आणि थोडा मागे, अजिबात घाई न करता. सीटच्या पट्टीतलं छिद्र गोल कानशीने जरासं लांबट केलं. दोन्ही बोल्टांची टोकं ग्राइंडरवर निमुळती केली, म्हणजे अंधारातही ती आपोआप छिद्रात शिरतात. मी म्हटलं, बोल्टाला दांडी वेल्ड करा, हातानेच उघडेल. तुम्ही नाही म्हणालात, हादऱ्याने ढिली होईल म्हणून, आणि त्याऐवजी स्प्रिंग वॉशर घातले. बाराचा पाना सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून साइड पॅनलच्या आत बांधून दिला. सीट उघडायचा पाना सीटखाली ठेवून काय उपयोग, हे मला कधी सुचलंच नसतं.

एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. माझ्याकडून तीनदा सीट काढून-लावून घेतली. आधी सीटची पुढची जीभ हुकात सरकवायची, मागून दाबायचं, दोन्ही बोल्ट बोटांनी तीन-चार फेरे बसवायचे आणि मगच पाना. एक बोल्ट आधी आवळला की दुसरा रुसतो, हे तुमचे शब्द. तिसऱ्या वेळी डोळे मिटायला लावले. दुकानात चार गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी तुम्ही माझ्याजवळून हलला नाहीत. आणि पैसे घेतले ते दोन बोल्ट नि वॉशरचे.

वायर तुम्ही तेव्हाच टेपने बांधून दिली होती. तरी त्यानंतर दोनदा फ्यूज गेला, एकदा रात्री, पुलाजवळ. सीट काढून फ्यूज बदलून पुन्हा बसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

ती गवळाऊ पुढच्या माजाला वेळेवर भरवली. आता आठवा महिना चालू आहे. मालकाने सांगून ठेवलंय, पहिला चीक मिस्तरीकाकांच्या घरी जाईल. डबा पोचवायला मीच येईन, तेव्हा नाही म्हणू नका.

तुमचा,
कॅनवाला डॉक्टर