दादाची वेगळी वही

पर्वरी, मंगळवार

ती. आई-बाबांस सा. न.

काल फोनवर बोलता बोलता बाबा एकदम गप्प झाले, तेव्हाच ठरवलं की हे लिहून पाठवायचं. आई, त्यांना मोठ्याने वाचून दाखव. मध्येच 'जाऊ दे' म्हणून घडी घालू नकोस.

अर्ज दिलाय मी. दादाची पालक म्हणून मला नेमावं, असा, पणजीला, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. तुम्ही दोघं धडधाकट असताना ही कोण पालक होणार, असं तुम्हाला वाटणारच. पण कायद्याच्या हिशेबाने दादाला अठरावं संपलं तेव्हाच तुमचं पालकपण संपलं, आणि आता तो त्रेचाळीसचा आहे. कोणी विचारलं नाही म्हणून इतकी वर्षं निभावलं, एवढंच. बाबा, तुम्ही सुचवलेलं मुखत्यारपत्रही चालत नाही. आपण काय लिहून देतोय हे देणाऱ्याला कळावं लागतं, आणि दादाला... असो. अशांसाठीच १९९९ सालचा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्या न्यासाचाच निरामय नावाचा एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे, त्याचंही बघतेय.

पण घाई का केली, ते सांगते. चवथीआधी बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा दादाचं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. त्याच्या दयानंद योजनेच्या पेन्शनच्या पैशांतून त्याचे बूट घेतले. त्यातूनच टॅक्सी, बाबांच्या गोळ्या, गणपतीवरच्या माटोळीचं सामान. सगळा घरचाच खर्च. पण नंतर जुळवायला बसले तर साडेतीन हजार कुठे गेले, ते सांगता येईना. अजून येत नाही. पगारातून भरले खरे, पण तो आकडा डोक्यातून जात नाही.

बाबा, खाणीवर एकही टिप्पर तुम्ही काट्यावर चढवल्याशिवाय सोडला नाहीत. आणि मी? साखर आणायला दिलेल्या दहा रुपयांतले चार आणे कमी आले म्हणून मला परत दुकानात पिटाळलं होतंत, आठवतं? पाऊस लागला तसे छत्री घेऊन मागोमाग तुम्हीच आलात, आणि येताना खांद्यावर बसवून आणलंत. त्या मुलीने भावाचे पैसे असे सरमिसळ करावेत?

नेमणूक झाली की सहा महिन्यांत दादाच्या नावावर काय काय आहे त्याची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत जमाखर्च. म्हणजे माझ्यावरही काटा आहे. 'जावयाचा डोळा असेल' असं वाड्यावर कोणी म्हणालंच तर हे सांगा. ह्यांना तर त्या खात्याचा नंबरही ठाऊक नाही. खातं दादाच्याच नावाचं राहील, माझ्यात मिसळणार नाही.

दादा कुठेही जात नाहीये. आई, हे दोनदा वाच. तीच खाट, खिडकीकडे डोकं, सकाळी तुझ्या हातची पेज आणि कैरीचं तोर. पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की तो खिशातली वीसची नोट, ती चार घड्यांची, उलगडत दारात जातो, नखाने एकेक घडी सपाट करतो आणि उंडे घेतो. पोदेर बिचारा थांबतो तोवर. त्या नोटा कधी बंद होणार नाहीत. वहीत लिहीन 'दादाच्या हातात', पुढचा हिशेब विचारणार नाही. तेवढा त्याचा त्याला असू दे.

आता ऐका. कार्डाच्या पाकिटावर बाबांनी पिन लिहिलाय, तो आजच्या आज खोडा. अपंगत्वाचा दाखला, आधार, पासबुक एका फायलीत ठेवा, आणि ती फाईल तांदळाच्या डब्यामागे नको, वाळवी लागते. दयानंदचा हयातीचा दाखला दरवर्षी लागतो, यंदा मीच दादाला घेऊन जाईन, तुम्ही कदंबाच्या बसमधून धक्के खात जाऊ नका. औषधं, कपडे, खाणं, फिजिओ, त्याच्यासाठी जे काही घ्याल त्याचं बिल खिळ्याला टोचून ठेवा. पावसाआधी छप्पर शाकारायचंय, ते दादाच्या पैशांतून नाही. घर त्याचंही आहे हे कबूल, पण कौलांचं आम्ही दोघं बघतो. आणि बाबा, प्रेशरची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही.

रागावला असाल तर रागवा, पण जेवा.

समितीने बोलावलंच तर मी गाडी घेऊन येते, सगळे मिळून जाऊ. दादाला सांगा, रविवारी त्याची नवी वही आणतेय. तांबडी हवी की निळी, ते त्याला विचारून ठेवा.

तुमची
बाय